न झिजलेला पृथ्वीगोल

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलामागे एक लोखंडी कपाट असते आणि त्यात जाड बांधणीची एक वही असते. जडसंग्रह नोंदवही, शाळेच्या बोलण्यात डेडस्टॉक. खुर्च्या, घंटा, पोषण आहाराची पातेली, वजनकाटा, पृथ्वीगोल, नकाशे, गणित पेटी, विज्ञान पेटी या सगळ्यांची नोंद एकाच शाईने, एकाच रकान्यांत केलेली असते: कधी आले, कुठून आले, किंमत काय, शिल्लक किती. ग्रामीण शाळांतल्या शैक्षणिक साहित्याच्या टंचाईवर लिहिताना बहुतेक जण न मिळालेल्या वस्तूंची यादी करतात. मला या वहीपासून सुरुवात करावीशी वाटते. मिळालेल्या वस्तूंचे पुढे काय होते ते या वहीत दिसते, आणि टंचाईचे एक मोठे कारणही तिथेच सापडते.

या वहीच्या दृष्टीने उत्तम शाळा कोणती? दहा वर्षांपूर्वी आलेला पृथ्वीगोल जिथे आजही जसाच्या तसा आहे ती. वर्गाच्या दृष्टीने पाहिले तर तोच गोल दहा वर्षे वाया गेला. पोरांनी खरोखर हाताळलेल्या गोलाचा आस सैल होतो, विषुववृत्तावरचा जोड उघडतो, भारतावर बोटे ठेवून ठेवून तिथला रंग उडतो. मणीमाळेचे मणी ओघळतात, दशकाच्या काड्या मोडतात, शब्दपट्ट्यांचे कोपरे चघळले जातात. पहिलीच्या वर्गातले साहित्य वर्षाअखेर शाबूत असेल, तर त्या वर्षी ते वापरले गेले नाही असे खुशाल समजावे. आपण मात्र हे साहित्य खडूसारखे संपवायला देत नाही, टेबल-खुर्चीसारखे सांभाळायला देतो. जे झिजत नाही ते पुन्हा मागता येत नाही. आणि जे पुन्हा मिळण्याची खात्री नाही ते कुणी झिजू देत नाही. या फेऱ्यातून निम्मी टंचाई जन्माला येते असे माझे मत आहे.

यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. कुलूप तोच लावतो. पण त्याची बाजू बघा. बदली झाली की त्याला चार्ज द्यावा लागतो. नोंदवहीतली एकेक वस्तू नव्या मुख्याध्यापकाला मोजून दाखवायची, कमी असेल तिचा खुलासा करायचा. मोडलेल्या वस्तूचे निर्लेखन करायचे तर प्रस्ताव पंचायत समितीकडे, तिथून पुढे वर, आणि तोवर ती मोडकी वस्तू जपून ठेवायची, कारण मोडली आहे याचा पुरावा तीच. म्हणून अनेक शाळांच्या एका कोपऱ्यात मोडक्या सामानाचा ढीग वर्षानुवर्षे बसलेला दिसतो. जिल्हा परिषदांचा हिशेब अजून १९६८ च्या लेखासंहितेच्या चौकटीत चालतो. पाइप, डांबर आणि लोखंडी कपाटे यांच्यासाठी ती चौकट ठीक असेल. लहान मुलाच्या हातात द्यायच्या अपूर्णांकाच्या चकत्यांचा विचार ती करताना कुणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. शहाणा शिक्षक चकत्या वाटत नाही, वर्गासमोर उभा राहून दाखवतो आणि परत पेटीत ठेवतो. मुलांनी चकती पाहिली. एक अष्टमांश आणि एक चतुर्थांश हातात घेऊन, एकावर एक ठेवून पाहण्याची संधी त्यांना मिळाली नाही, आणि अपूर्णांक समजण्याची सगळी वाट तिथूनच जाते.

सरकारने साहित्य कधी दिलेच नाही असेही नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७-८८ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि किमान साहित्य द्यायचे, असा तो साधा आणि मोठा विचार होता. फळा, नकाशे, पृथ्वीगोल, तक्ते, विज्ञान पेटी, अवजारांची छोटी पेटी, खेळणी, ग्रंथालयाची पुस्तके, वाद्येसुद्धा. देशभरच्या लाखो शाळांना प्रथमच काहीतरी मिळाले, हे श्रेय त्या मोहिमेला द्यावेच लागेल. ज्या शाळेत फळादेखील धड नव्हता तिथे ढोलकी पोचली. पण ते साहित्य एकदा आले. वरून ठरवलेल्या यादीप्रमाणे, सगळ्यांना सारखे आले. वापरायचे कसे याचे प्रशिक्षण मागे राहिले, आणि संपल्यावर काय, याचे उत्तर योजनेत फारसे नव्हते. मग पेट्या बंद राहिल्या. त्या काळात आलेल्या पृथ्वीगोलावर सोव्हिएत संघ होता. १९९१ मध्ये तो देश मोडला, गोल शाबूत राहिला.

नकाशांची गोष्ट याहून जवळची आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याच वर्षी जूनमध्ये तेलंगण झाले, २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचा नकाशा बदलला, २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. पालघरमधल्या जव्हार-मोखाड्याच्या शाळेतल्या भिंतीवर अखंड ठाणे जिल्हा असेल, तर चौथीतल्या मुलीने आपला जिल्हा शोधायचा कुठे? कापडावर छापलेला तो नकाशा फाटलेला नाही, त्यामुळे वहीत तो ‘सुस्थितीत’ आहे. कागदावरचा स्वस्त नकाशा दर दोन-तीन वर्षांनी नवा लावता आला असता. टिकाऊपणाच्या हट्टाने आपण मुलांना चुकीचा भूगोल टिकवून दिला.

माध्यमांच्या बाबतीत तर एक अख्खी संस्था याच रीतीने गेली. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली, मराठी मुलांसाठी शैक्षणिक दूरदर्शन कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था. उपग्रहावरून दूरदर्शनवर कार्यक्रम दाखवायचे, शाळांना दूरदर्शन संच आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर द्यायचे, अशी ती योजना होती. ज्यांनी हे कार्यक्रम शाळेत खरोखर पाहिले असे लोक आज चाळिशीत आहेत आणि त्यातले बरेच जण त्या कार्यक्रमांबद्दल प्रेमाने बोलतात. पण प्रसारणाच्या वेळी गावात वीज असेलच असे नव्हते, आणि भारनियमनाच्या वर्षांत तर नसेच. संच बिघडला तर दुरुस्तीचा पैसा कोणत्या खात्यातून काढायचा हे कुणी ठरवले नव्हते. कार्यक्रम पुण्यात तयार होत राहिले, गावातला संच कपाटात गेला. केंद्राचा निधी आटला आणि २०१७ मध्ये बालचित्रवाणीला टाळे लागले. तीनच वर्षांनी, २०२० च्या जुलैमध्ये, कोरोनामुळे शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू करावी लागली. ती एका वेगळ्याच प्रतिष्ठानाने बनवली होती. चांगली होती. पण नेमक्या त्या कामासाठी तेहतीस वर्षे पोसलेली संस्था आपल्या हातात नव्हती, हे त्या गडबडीत फार कमी लोकांच्या लक्षात आले.

आता साहित्याची गरज नेमकी किती, या प्रश्नाकडे येऊ. ‘आमच्या वेळी कुठे होते साहित्य? पाटी आणि छडी यांवरच शिकलो’, असे म्हणणारे गावोगाव भेटतात. ते शिकले हे खरे. त्यांच्याबरोबर पहिलीत बसलेले आणि तिसरीच्या आत गळून गेलेले मात्र सांगणाऱ्यांत नसतात. शिवाय हे म्हणणारा माणूस एका इयत्तेला एक शिक्षक असे चित्र डोळ्यापुढे ठेवतो. आजची खेड्यातली शाळा तशी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे वस्तीवरच्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. त्यातला एक शिक्षक केंद्राच्या बैठकीला, निवडणुकीच्या कामाला किंवा ऑनलाइन माहिती भरायला गेला की सगळ्या इयत्ता एकाकडे.

अशा वर्गात साहित्याचा अर्थच बदलतो. बाई पहिलीच्या मुलांबरोबर जमिनीवर बसून अक्षरे गिरवून घेत आहेत. त्या वेळी तिसरीची मुले काय करतात? साहित्य नसेल तर एकच उत्तर असते: पाढे लिहा, पान उतरवून काढा, गप्प बसा. साहित्य असेल तर तिसरीचा गट वजाबाकीची कार्डे घेऊन बसतो, दशक सुटे करून काठ्यांनी पडताळून पाहतो, एकमेकांच्या चुका काढतो. चौथीची मुले वाचनकोपऱ्यातले पुस्तक वाचून त्यावर प्रश्न बनवतात. म्हणजे बहुवर्ग शाळेत साहित्य हा दुसरा शिक्षक आहे. शहरातल्या शाळेत पन्नास मुलांपुढे बोलणारी बाई असते. तिथे तक्ता नसला तर तास थोडा नीरस होईल. बहुवर्ग शाळेत कार्डे नसली तर तीन इयत्तांचा दिवसातला निम्मा वेळ मरतो. साहित्याची सर्वात जास्त गरज सर्वात लहान शाळेला आहे, हे यातून आपोआप येते.

साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी हे करून दाखवले होते. फरशीवर रंगवलेले अंकजाल, अक्षरांचे चौकोन, गटात बसून स्वतः शिकणारी मुले, हाताला येतील अशा उंचीवर ठेवलेले साहित्य. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि ज्ञानरचनावाद हा शब्द घराघरात नाही तरी शाळाशाळांत पोचला. मग व्हायचे तेच झाले. अनेक ठिकाणी फरशा रंगल्या, मुले मात्र त्या फरशीवर ओळीतच बसली. ऑइलपेंटने रंगवलेली फरशी हेदेखील एक टिकाऊ साहित्य ठरले: एकदा रंगवली, फोटो काढला, गटावर टाकला, काम पूर्ण. कुमठ्याचा जीव फरशीत नव्हता. दर आठवड्याला नवी कार्डे बनत होती, जुनी फाटत होती, मुलांना काय जमले हे पाहून शिक्षक साहित्य बदलत होते. नक्कल करणाऱ्यांना ते दिसले नाही, कारण ते मोजून दाखवता येत नाही.

झिजणाऱ्या साहित्याला पैसा देणारी एक योजना आपल्याकडे होती, हे आता फारसे कुणाला आठवत नाही. १९९४ नंतर जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. महाराष्ट्रात आधी मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत. पुढे सर्व शिक्षा अभियान आले. या दोन्हींत शिक्षकाला दर वर्षी पाचशे रुपये मिळत, साहित्य बनवण्यासाठी. शाळेला दोन हजारांचे वेगळे अनुदान असे. पाचशे ही काही रक्कम नव्हे, पण त्या काळात कार्डशीट, स्केचपेन, दोरा, मणी, डिंक, रंगीत कागद एवढे त्यात येई. महत्त्वाचे म्हणजे तो पैसा शिक्षकाच्या हातात येई, आणि त्यातून बनलेले साहित्य वर्षभरात संपले तर कुणी जाब विचारत नसे. सरकारने दिलेल्या सगळ्या साहित्य-योजनांत ही सर्वात लहान होती आणि माझ्या मते सर्वात शहाणी होती.

तिचा गैरवापर झाला नाही असे नाही. तालुक्याच्या दुकानात ‘पाचशेचा संच’ तयार मिळू लागला: आठ-दहा चकचकीत तक्ते, वर पावती. कुणाकडून घ्यायचा याची सूचना कुठून तरी येई. थर्माकोलचे किल्ले आणि ज्वालामुखी साहित्य-प्रदर्शनात मांडले जात आणि परत येताना टेम्पोत मोडत. ही टीका खरी होती. पण तिच्यावरचा उपाय अनुदान बंद करणे हा नव्हता. ते बंद झाले. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली आणि सुटी सुटी अनुदाने एकत्र करून संयुक्त शाळा अनुदान झाले. ते पटावर मिळते. आताच्या निकषांनी तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यातून वीजबिल, पाणी, किरकोळ दुरुस्ती, इंटरनेट, खेळाचे सामान, आणि मग शैक्षणिक साहित्य.

या रांगेत साहित्य शेवटी उभे आहे. विजेचे बिल थकले तर जोडणी तुटते, छप्पर गळले तर पालक येऊन बोलतात. कार्डे फाटली तर कुणी येत नाही. शिवाय पटाचा हिशेब साहित्याला लागू पडत नाही. पंधरा मुलांच्या शाळेत चार इयत्ता आहेत; तिला पहिलीचे वाचनसाहित्य लागते, चौथीचा नकाशा लागतो, तराजू लागतो, घड्याळ लागते. दीडशे मुलांच्या शाळेलाही तेच लागते. पृथ्वीगोल पटाने भागत नाही. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ असल्याचे २०२३ मध्ये शिक्षण विभागानेच सांगितले होते. त्यांत शिकणाऱ्या मुलांचा आकडा पावणेदोन लाखांच्या वर जातो. या शाळांचे काय करायचे, यावर तोरणमाळ आणि पानशेतच्या धर्तीवर समूह शाळा करून मुले बसने आणायची, असे उत्तर पुढे आले. समूह शाळेच्या बाजूने दिला जाणारा एक युक्तिवाद असा की लहान शाळेत पुरेशा सुविधा देता येत नाहीत. देता येत नाहीत, की पटाच्या सूत्रामुळे दिल्या जात नाहीत? आधी दहा हजार द्यायचे आणि मग तिथे काही नाही म्हणून शाळा उचलायची, हा न्याय मला पटत नाही.

पैसा केव्हा आणि कसा येतो, हाही भाग आहे. शाळा जूनमध्ये भरते. अनुदान बरेचदा फेब्रुवारीत उतरते आणि ३१ मार्चच्या आत खर्चले नाही तर परत जाते. मुलांनी वर्षभर ज्या वस्तूंवाचून काढले त्या वस्तू वार्षिक परीक्षेच्या तोंडावर घाईघाईने विकत घ्यायच्या. खर्च पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून, नोंदणीकृत दुकानदाराच्या जीएसटी बिलावर. पारदर्शकतेसाठी हे ठीक. पण आठवडी बाजारात मणी विकणारी बाई, गावातला सुतार, बुरूड यांच्याकडे तसले बिल नसते. सुताराकडून दोनशे रुपयांत करून घेता येणारे दशकांचे दांडके तालुक्याच्या दुकानातून प्लास्टिकच्या डब्यात आठशेला येते, आणि डबा किमती असल्यामुळे पुन्हा कपाटात जाते.

इथे कुणी तरी हमखास ‘टाकाऊपासून टिकाऊ’ म्हणते. शिक्षकाला आच असेल तर पैसा लागत नाही. बाटल्यांची झाकणे, आइसक्रीमच्या काड्या, चिंचोके, जुनी कॅलेंडरे, सगळे आहेच की. ताराबाई मोडकांचे नाव या वेळी घेतले जाते आणि म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ बरोबर होत्या. मॉन्टेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर पोचणार नाहीत हे त्यांनी ओळखले. बिया, शिंपले, दगडगोटे, पाने, फुले, काड्या यांतून त्यांनी साधने उभी केली. अंगणात, पाड्यात, पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली.

पण हे गरिबीवरचे समाधान नव्हते. वजन, रंगाची छटा, लहान-मोठ्याचा क्रम, एकास एक संगती यांपैकी कोणती गोष्ट कोणत्या बियांनी आणि कोणत्या शिंपल्यांनी शिकवायची, हे त्यांनी विचारपूर्वक बसवले होते. मॉन्टेसरीचे तत्त्व मनात पक्के होते म्हणूनच त्यांना तिची लाकडी साधने सोडता आली. शिवाय बी आणि शिंपला वर्षाकाठी पुन्हा गोळा होतो, हरवला तर नोंदवहीत लिहावे लागत नाही; झिजण्याची परवानगी त्या साहित्यातच होती. आजचे ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हे बहुतेक वेळा दुसरेच असते. साहित्यासाठी पैसा नाही, हे सांगण्याचा तो एक गोड प्रकार आहे. झाकणे आणि काड्या घेऊन संख्याज्ञान शिकवता येते, नक्कीच. भिंग कशातून बनवायचे? वाचायला चाळीस चांगली, चित्रांची, मराठी गोष्टींची पुस्तके कोणत्या टाकाऊतून बनतात? मुंबई-पुण्यातल्या फी घेणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला कुणी सांगत नाही की प्रयोगशाळा कचऱ्यातून उभी करा, तेच सर्जनशील असते. खेड्यातल्या शिक्षकाकडूनच ही कल्पकता का हवी असते? आणि तो ती दाखवतोही, बऱ्याचदा स्वतःच्या पगारातून. मग त्याचा सत्कार होतो, बातमी येते, आणि निधीचा प्रश्न त्या बातमीत विरघळून जातो.

लोकवर्गणीचे तेच. गावाने मिळून शाळेला संगणक दिले, टीव्ही दिला, हे आनंदाचे आहे. पण ज्या गावात बागायत आहे, मुंबईला नोकरी करणारी माणसे आहेत, तिथली लोकवर्गणी आणि ऊसतोडीला गाव रिकामे होते तिथली लोकवर्गणी यांत किती अंतर असेल? लोकसहभागावर साहित्य सोडले की गावाची ऐपत मुलाच्या शिक्षणात उतरते. सरकारी शाळा असते ती हेच टाळण्यासाठी.

डिजिटल शाळांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा डिजिटल म्हणून गाजली, सोलापूरच्या परितेवाडीच्या शिक्षकाने क्यूआर कोड पाठ्यपुस्तकात आणले आणि त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. दोन्ही कामांबद्दल मला आदर आहे. समुद्र कधी न पाहिलेल्या मुलाला भरती-ओहोटी पडद्यावर दाखवणे यात काही वाईट नाही. पण प्रोजेक्टर हे कपाटात जाण्याची सर्वात जास्त शक्यता असलेले साहित्य आहे. ते सर्वांत महाग, म्हणून सर्वांत जास्त सांभाळायचे. चोरीच्या भीतीने दिवाळीच्या सुट्टीत ते शिक्षकाच्या घरी जाते. दिवा गेला, बॅटरी फुगली, सॉफ्टवेअरची मुदत संपली की पुढे काय, याचे उत्तर खरेदीच्या फाइलमध्ये नसते. आणि पहिली-दुसरीच्या मुलाला हातात धरता येईल अशा वस्तूची जागा पडदा घेऊ शकत नाही. त्या वयात संख्या बोटांतून डोक्यात जाते.

साहित्य झिजणारे आणि स्थानिक असण्याची आणखी एक गरज आहे, ती भाषेची. मेळघाटातल्या पोराच्या घरी कोरकू बोलतात, धडगावच्या पोराच्या घरी पावरी, भामरागडच्या घरी माडिया. पहिलीचे चित्रशब्द-तक्ते एकाच नमुन्याने छापून राज्यभर जातात. चित्र ओळखीचे, शब्द अनोळखी. कधी चित्रही अनोळखी. तक्त्याखाली घरचा शब्द लिहिलेली पट्टी चिकटवायला शिक्षकाला डिंक आणि कागद पुरतो, पण छापील, चकचकीत, नोंद झालेल्या तक्त्यावर काही चिकटवायला त्याचा हात धजत नाही. सरकारी वस्तू आहे ना ती.

मग काय करावे? पहिले म्हणजे शैक्षणिक साहित्याचे दोन भाग करावेत. तराजू, भिंग, कपाट, पडदा हे जडसंग्रहात राहू देत. कार्डे, मणी, काड्या, चकत्या, तक्ते, नकाशे, गोष्टीची पुस्तके, खेळातल्या नोटा, चेंडू हे सगळे खडू आणि हजेरीपटाबरोबर वर्षभरात संपणाऱ्या वस्तूंत जावे. संपल्याचे लिहायला शाळा व्यवस्थापन समितीची सही पुरेशी मानावी. या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. आपल्या पोराच्या हातात काय आले आणि काय फाटले हे त्यांच्याइतके कुणाला कळते?

दुसरे, शिक्षकाच्या हातातला वार्षिक निधी परत आणावा आणि तो जूनमध्ये द्यावा. जिल्हा परिषदेचे दोन लाख शिक्षक धरू आणि प्रत्येकी तीन हजार धरू. वर्षाला साठ कोटी होतात. शालेय शिक्षणावर हजारो कोटी खर्चणाऱ्या राज्याला हे जड नाही. यातला काही पैसा वाया जाईल, काहींचा संच पुन्हा दुकानात तयार मिळेल, काही पावत्या खोट्या असतील. हे मी झाकत नाही. पण आज कपाटात बंद असलेल्या साहित्यात वाया गेलेला पैसा लेखापरीक्षणात दिसत नाही, एवढाच त्याचा गुण आहे. नोंद बरोबर, वस्तू शिल्लक, आक्षेप निरंक. ज्या खर्चाने एकाही मुलाला काही दिले नाही तो निर्दोष ठरतो आणि फाटलेल्या कार्डाचा खुलासा मागितला जातो.

हे अशक्य नाही, याचा दाखला शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. १९७२ मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांपासून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत गेला. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, म्हणून प्रत्येक शाळेला प्रयोगपेटी. आणि काचेच्या नळ्या फुटणार, रसायने संपणार हे गृहीत धरून पेटी पुन्हा भरून देण्याची व्यवस्था कार्यक्रमातच होती. फुटणे हा तिथे अपघात नव्हता, खर्चाचे एक कलम होते. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला, त्याची कारणे वेगळी आणि वादाची. पण तीस वर्षे सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांच्या हातून तो चालला होता.

तिसरी गोष्ट तपासणीची. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी शाळेत येतात तेव्हा साहित्य ‘उपलब्ध आहे का’ असा रकाना भरतात. त्या जागी, या वर्षी काय संपले आणि नवे काय आणले, हे विचारले पाहिजे. ज्या शाळेचे काहीच संपले नसेल तिथे त्यांनी जरा जास्त वेळ बसावे आणि एखाद्या मुलाला पेटी उघडून दाखवायला सांगावे. कडी कुठे आहे हे मुलाला माहीत आहे का, एवढ्यावरूनही बरेच कळते.

अडचण अशी की यातले अभ्यासक्रम आणि साहित्याचे निर्णय शालेय शिक्षण विभागाकडे, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची आस्थापना, चार्ज, जडसंग्रह आणि लेखासंहिता ग्रामविकास विभागाकडे. एक विभाग म्हणतो, साहित्य मुलांच्या हातात द्या. दुसऱ्याचे नियम म्हणतात, जसे घेतले तसे परत दाखवा. दोन्ही सचिवांच्या सह्यांचे एकत्रित परिपत्रक निघत नाही तोवर वस्तीवरच्या शाळेतला शिक्षक दुसऱ्या विभागाचेच ऐकणार, कारण खुलासा त्या विभागालाच द्यायचा असतो.